शाहू महाराजांनी पन्हाळ्याला निरोप धाडला असता तर?

माहुलीकर

मंडळी, हा निखळ जर-तरचा धागा आहे. 'इतिहासात जर-तरला स्थान नसतं' हे वाक्य पहिल्याच प्रतिसादात येणार हे ठाऊक आहे, म्हणून मीच लिहून टाकतो. झालं? आता पुढे.

गेल्या आठवड्यात संगम माहुलीला गेलो होतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या (संभाजी महाराजांचे पुत्र) समाधीपाशी बसलो, शेजारच्या खंड्या कुत्र्याच्या स्मारकावरही सवयीने हात फिरवला. खाली वाळूत राजाराम महाराजांच्या राणी ताराराणींची समाधी. मनात आलं, १७०७ साली या बाईंनी मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या पुतण्याला, म्हणजे याच शाहूंना, 'हा तोतया आहे' म्हणून हाकललं, खेडला त्याच्या विरुद्ध फौज उभी केली, आणि शेवटी दोघं टेकली एकाच नदीच्या काठाला.

तर मूळ मुद्दा. डिसेंबर १७४९. महाराज साताऱ्यात अंथरुणाला खिळलेले, वय ६७. पोटी वारस मुलगा नाही. रक्ताचा सगळ्यात जवळचा, हयात आणि जाणता भोसला कोण? पन्हाळ्याचे संभाजीराजे. राजाराम महाराज आणि राजसबाईंचा मुलगा, थोरल्या शिवाजी महाराजांचा सख्खा नातू, शाहूंचा चुलतभाऊ. वय ५१. पस्तीस वर्षं गादीवर बसलेला माणूस.

आणि महाराजांनी नानासाहेब पेशव्यांना स्वतःच्या हाताने ज्या दोन याद्या लिहून दिल्या, त्यांत काय सांगितलं? राज्य तुम्ही सांभाळा, वंशाचा जो गादीवर येईल त्याच्या आज्ञेत राहा, पण कोल्हापूरकरांना आणू नका. १५ डिसेंबरला महाराज गेले. पुढच्याच महिन्यात ताराराणींचे नातू म्हणून पानगावहून आणलेले रामराजे गादीवर बसले.

माझं जर-तर असं : महाराजांनी त्या यादीत उलटं लिहिलं असतं तर? 'चिरंजीव नाही, सबब संभाजीराजांस आणावे' एवढंच.

मला दिसतं ते सांगतो. रामराजे प्रकरणच होत नाही. ताराराणी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडत नाहीत, कारण कोंडायला कोणी नाही. दमाजी गायकवाड ताराराणींसाठी गुजरातेतून धावून येत नाहीत, कैद होत नाहीत, अर्धा गुजरात पेशव्यांना देत नाहीत. छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे देणारा सांगोल्याचा करार नाही. १७०७ साली फाटलेलं राज्य ४२ वर्षांनी परत शिवलं जातं. आणि महत्त्वाचं म्हणजे गादीवर बावीस-तेवीस वर्षांचा बावरलेला तरुण नसून एक पिकला राजा बसतो. पुणं मोठं झालं असतं, पण साताऱ्याला वळसा घालून नाही.

या, तुटून पडा.

चहाबाज

आधी जागा पकडतो. 'इतिहासात जर-तरला स्थान नसतं.' (कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.)

शंकासुर

माहुलीकर, लिहिलंय झकास, पण तुमचा 'पिकला राजा' म्हणजे तोच ना, जो १७२७ साली निजामाच्या गोटात जाऊन बसला? निजामाने त्याला पुण्यात आणून छत्रपती म्हणून जाहीर केलं होतं. पुण्यात! पुढे बाजीरावांनी निजामाला रानोमाळ पळवलं, फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला पाणी तोडून कोंडीत धरलं, आणि मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने संभाजीराजांचा हात सोडला. शाहू महाराजांनी हे विसरावं अशी तुमची अपेक्षा आहे का? ज्या चुलतभावाने आपली गादी मिळवायला शत्रूची फौज आपल्या मुलखात आणली, त्यालाच ती गादी आपण होऊन द्यायची?

'कोल्हापूरकरांना आणू नका' हा हट्ट नव्हता. तो हिशेब होता.

वारणाकाठ

आमच्या राजांवर पहिल्याच फेरीत निजाम फेकून मारला जाणार याची खात्री होती.

आधी एक दुरुस्ती. तेव्हा गादी पन्हाळ्याला होती, कोल्हापूर शहरात नंतर आली. माहुलीकरांनी शीर्षकात बरोबर लिहिलंय, त्याबद्दल त्यांना एक लवंगी मिसळ.

आता शंकासुर, तुम्ही १७२८ ला थांबलात. पुढे चला. १७३१ साली कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या माळावर दोघे भाऊ भेटले. हत्ती, घोडे, दोन्हीकडचे सरदार रांगेने उभे. संभाजीराजांनी खाली उतरून थोरल्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं, महाराजांनी उचलून छातीशी धरलं. १३ एप्रिलला वारणेचा तह झाला, वारणा ही दोन राज्यांची हद्द ठरली. आणि त्या तहानंतर शाहू महाराज जाईपर्यंत अठरा वर्षं संभाजीराजे वारणेच्या अलीकडे फौज घेऊन आले का? नाही. निजाम तेव्हाही होताच की हैदराबादेत. अठरा वर्षं शब्द पाळणारा माणूस कायमचा गद्दार, आणि १७०७ ला ताराराणींना सोडून शाहूंकडे गेलेले धनाजी जाधव मात्र मुत्सद्दी. असा न्याय कुठला?

शिवाय १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं ते याच राजाला समोर ठेवून. राज्य कसं करावं याचं मराठीतलं सगळ्यात नेटकं शिक्षण ज्याला मिळालं, तो राजा आयुष्यभर दोन नद्यांच्या बेचक्यात बसून राहिला. मला तरी वाईट वाटतं.

शंकासुर

शिक्षण मिळणं वेगळं, अंगी लागणं वेगळं.

मोडीप्रेमी

दोघंही 'महाराजांच्या मनात काय होतं' यावर भांडताय. त्या खोलीत आणखी एक माणूस होता, त्याच्याकडे बघा. नानासाहेब फौजेसह साताऱ्यात ठाण मांडून होते.

गंमत अशी की याच नानासाहेबांचं १७४० च्या सुमारास, म्हणजे पेशवाईची वस्त्रं मिळाली त्या वेळी, संभाजीराजांशी गुप्त बोलणं झालं होतं. शाहू महाराजांच्या पश्चात दोन्ही राज्यं संभाजीराजांच्या हाताखाली एक करायची. म्हणजे माहुलीकरांचं जर-तर हे माहुलीकरांच्या डोक्यातून आलेलं नाही. खुद्द पेशव्यांनी ते कधीतरी मांडून पाहिलं होतं, आणि पुढे महाराजांची इच्छा स्पष्ट झाल्यावर गुंडाळून ठेवलं.

दरबारात थोरल्या राणीसाहेब सकवारबाईंचा कलही संभाजीराजांकडेच होता. म्हणजे पक्ष होता, उमेदवार होता, जुना कौल होता. नव्हती ती फक्त महाराजांची संमती. महाराज गेले आणि सकवारबाई सती गेल्या. त्यांना त्या वाटेवर कोणी ढकललं यावरून इतिहासकार ग्रँट डफने नानासाहेबांवर ठपका ठेवलाय. तो विषय इथे उघडत नाही, धाग्याचा काश्मीर होईल.

मला विचाराल तर नानासाहेबांना संभाजीराजे चालले असते. मात्र रामराजे जास्त सोयीचे होते.

अबोली

वाचतेय, आणि सगळे पुरुष दरबारातच अडकलेत याची नोंद घेतेय.

अहो, रामराजे आले कुठून? ताराराणींनी सांगितलं म्हणून. 'माझ्या मुलाचा, शिवाजीचा मुलगा आहे, पन्हाळ्यावर जिवाला धोका होता म्हणून लपवून बाहेर वाढवला.' हे त्यांनी कधी बाहेर काढलं? गादी संभाजीराजांकडे जाणार अशी चिन्हं दिसायला लागल्यावर. म्हणजे रामराजांना संभाजीराजांऐवजीचा पर्याय म्हणणं पुरेसं नाही. त्यांना उजेडात आणलं ते संभाजीराजांच्या दाव्यानेच.

आता ताराराणींच्या जागी बसून बघा. १७१४ साली सवतीने, राजसबाईंनी, पन्हाळ्यावर डाव उलटवला. स्वतःच्या मुलाला गादीवर बसवलं, ताराराणींना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. तो मुलगा कैदेतच गेला. बारा वर्षं पोरगं भिंतीआड झुरताना पाहिलेली आई. वारणेच्या तहाच्या वेळी 'मी साताऱ्यातच राहते' म्हणाली, पन्हाळ्याला परत गेली नाही. आणि १७४९ मध्ये, ७४ व्या वर्षी, तिने त्याच सवतीच्या मुलाला मुजरा करायचा? राजसबाई तेव्हा हयात होत्या बरं का. मुलाबरोबर राजमाता म्हणून साताऱ्यात आल्या असत्या. एका वाड्यात दोन सवती, मधे पस्तीस वर्षांचं विष.

माहुलीकर म्हणतात ताराराणी कोणाला कोंडणार नाहीत, कारण कोंडायला कोणी नाही. मी म्हणते कोंडायला हक्काचा माणूस मिळाला असता!

चहाबाज

अबोलीताई, दंडवत. यावर मालिका निघाली तर एका पंगतीत बसण्यावरून तीन महिने काढतील.

माहुलीकर

अबोलीताई, हा मुद्दा मी पूर्ण नजरेआड केला होता, कबूल. पण थोडी बाजू लढवतो. रामराजांच्या बाबतीत ताराराणींच्या हातात एक किल्ली होती : 'हा माझा नातू' हे म्हणणारी एकमेव साक्षीदार त्याच. सरदारांच्या देखत नातवाबरोबर एका ताटात जेवल्या, आणि वर्ष संपायच्या आत 'हा माझा नातूच नव्हे, तोतया आहे' म्हणाल्या. पुढे १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तीच शपथ. संभाजीराजांना त्या तोतया म्हणू शकल्या नसत्या. उभ्या महाराष्ट्राला माहीत होतं ते कोणाचे.

अबोली

खरंय. १७०७ ला तोतया, १७५० ला तोतया. तिसऱ्यांदा चाललं नसतं. पण त्यांच्याकडे दमाजी होतेच, आणि शब्द अडला की तलवार काढणाऱ्या होत्या त्या.

निवांत

एक बाळबोध प्रश्न. इतर उमेदवार नव्हतेच का? म्हणजे दोनच पर्याय धरून का चाललोय आपण?

मोडीप्रेमी

होते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा मुलगा मुधोजी हे नाव चर्चेत होतं, राण्यांच्या नात्यातून. पण नागपूरकर आणि साताऱ्याचे भोसले एकाच मुळाचे हे दाखवणं अवघड, आणि रघूजी-नानासाहेब यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दुसरे अक्कलकोटचे फत्तेसिंह. मूळचे पारदच्या लोखंडे पाटलांचे. शाहू महाराज १७०७ ला परत येताना तिथे चकमक झाली, पाटील पडला, बाईने पोर महाराजांच्या पायावर घातलं. महाराजांनी त्याला मुलासारखं वाढवलं, भोसले हे नाव दिलं. माया पुष्कळ, पण गादीला रक्त लागतं.

गणित मास्तर

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले. एक तारीख कोणीच लिहिली नाही याचं नवल वाटतंय.

संभाजीराजे वारले १८ डिसेंबर १७६० रोजी. पोटी मुलगा नाही.

पानिपत १४ जानेवारी १७६१.

मधे २७ दिवस.

माहुलीकर, तुमचं जर-तर चालवून बघा. १७५० ते १७६० सगळं तुमच्या मनासारखं होऊ द्या. एकच गादी, एकच छत्रपती, साताऱ्यात. आणि मग ज्या दिवसांत भाऊ आणि विश्वासराव अब्दालीसमोर पानिपतला अडकून पडलेत, फौजेला दाणा नाही, त्याच दिवसांत साताऱ्याचा सिंहासनाधीश्वर निपुत्रिक मरतो. आणि या वेळी दुसरी गादी शिल्लकच नाही, कारण ती तुम्ही दहा वर्षांपूर्वी एकत्र करून टाकलीत.

चहाबाज

🙆‍♂️ मास्तर, वर्गाबाहेर उभं राहायची परवानगी आहे का?

वारणाकाठ

आयला. मी या राजाच्या गावचा, पुण्यतिथी तोंडपाठ, आणि पानिपतशेजारी ठेवून कधी बघितली नव्हती.

माहुलीकर

दोन तास झाले, काय लिहावं सुचत नाहीये. मास्तर, जिंकलात.

शंकासुर

मी माहुलीकरांच्या विरोधात आहे, तरी त्यांची बाजू घेतो, कारण नियम नियमासारखा असावा. जर-तरमध्ये एक खिळा हलवला की माणसाचा मृत्यू त्याच तारखेला का धरायचा? पन्हाळ्याची हवा वेगळी, साताऱ्याची वेगळी, वैद्य वेगळे, चिंता वेगळ्या. आणि साताऱ्याचा छत्रपती वेगळा असेल तर उत्तरेत कोणी जायचं हे तरी तसंच ठरलं असतं का? विश्वासराव पानिपतला नेले गेलेच असते का? मास्तर एका टोकाला इतिहास बदलू देतात आणि दुसऱ्या टोकाला पंचांग घेऊन बसतात.

गणित मास्तर

आक्षेप मान्य, पण अर्धाच. तारीख सोडा हवं तर. दोन गोष्टी सोडता येत नाहीत. १७४९ साली राजांचं वय ५१ होतं. आणि अनेक राण्या असून मुलगा नव्हता, पुढेही झाला नाही. म्हणजे वारसाचा प्रश्न सुटला नाही, फक्त पुढे ढकलला गेला. १७६० ऐवजी १७६५ घ्या, ७० घ्या. शाहू महाराज निपुत्रिक होते म्हणून तुम्ही निपुत्रिक भाऊ आणलात. हे कर्ज फेडायला कर्ज काढण्यासारखं आहे.

मला वाटतं अंथरुणावरच्या त्या म्हाताऱ्या राजाने निजामाइतकाच याचाही विचार केला असणार. त्याला वंश हवा होता. भाऊ आणून वंश मिळत नव्हता.

मोडीप्रेमी

मास्तरांच्या तारखेला प्रत्यक्षात काय झालं ते जोडतो, म्हणजे जर-तर किती जवळून गेलं ते कळेल.

संभाजीराजे गेल्यावर थोरल्या राणीसाहेब जिजाबाईंनी एक राणी गरोदर असल्याचं जाहीर केलं, म्हणजे गादी मोकळी नाही. पेशव्यांना ते राज्य जप्त करून साताऱ्याला जोडायचं होतं. म्हणजे एकत्रीकरण करायची इच्छा होतीच, पण साताऱ्याच्या सोयीने. त्या वेळी नानासाहेब उत्तरेच्या वाटेवर होते. २७ डिसेंबर १७६० ला पैठणला त्यांचं दुसरं लग्न लागलं. जानेवारीअखेर भेलशाजवळ पानिपतची बातमी आली, आणि जूनमध्ये पर्वतीवर ते गेले. कोल्हापूरकडे बघायला माणूसच उरला नाही. माधवराव पेशव्यांच्या वेळी, १७६२ मध्ये, जिजाबाईंना खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊ दिला गेला.

थोडक्यात, पानिपतने कोल्हापूरची गादी वाचवली. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण तसं आहे खरं.

माहुलीकरांच्या जगात मात्र जिजाबाई साताऱ्याच्या महाराणी असत्या. तीच बाई, तीच हुशारी, पण पूर्ण मराठा राज्याच्या गादीवर 'राणी गरोदर आहे' म्हणून बसलेली, आणि त्याच वाड्यात ८५ वर्षांच्या ताराराणी!

अबोली

ताराराणी डिसेंबर १७६१ पर्यंत होत्या. त्यांनी त्याच दुपारी दुसरा नातू काढला असता.

वारणाकाठ

आता माझा मुद्दा, आणि तो माहुलीकरांच्या विरुद्ध जातो. मी सुरुवातीला आमच्या राजांसाठी भांडलो, पण आता म्हणतो, बरं झालं आणलं नाही.

पुढे बघा. १८१८ ला पेशवाई गेली. इंग्रजांनी साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना छोटं राज्य करून दिलं. १८३९ ला त्यांनाच पदच्युत करून काशीला पाठवलं. धाकटे बंधू शहाजी महाराज १८४८ ला गेले, मरताना घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला, आणि सातारा खालसा. एका फटक्यात.

गादी तेव्हा एकच असती, तर १८४८ ला छत्रपतींची गादीच संपली असती. कोल्हापूर वेगळं होतं, त्याचे इंग्रजांशी तह वेगळे होते, म्हणून ते १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. आणि त्या मधल्या शंभर वर्षांत काय झालं ते मी सांगायची गरज नाही. १८९४ ला कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आलेले राजर्षी शाहू महाराज गादीवर बसले. १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. वसतिगृहं, वेदोक्त, सगळं त्या एका छोट्या वेगळ्या गादीवरून. ताराराणी-राजसबाईंच्या भांडणाने आम्हांला दोन चुली दिल्या. एक विझली तेव्हा दुसरी पेटती होती.

शंकासुर

मुद्दा ताकदीचा, पण नियम इथेही लावा. १७५० ला राज्य एक झालं असतं तर १८१८ तसंच आलं असतं हे कशावरून? मास्तरांचं पंचांग आता तुम्ही घेऊन बसलात.

वारणाकाठ

घेतलं! आवडलं मला ते.

निवांत

म्हणजे निष्कर्ष काय?

चहाबाज

निष्कर्ष हा की राजांना मुलगा हवा होता आणि धाग्याला संपादक.

माहुलीकर

झोपताना पुन्हा सगळं वाचलं. माझं जर-तर मोडलं, पण नवं सुचलंय, ते टाकून मोकळा होतो.

चूक माणसात नव्हती, वेळेत होती. १७४९ उशीर झाला. जखिणवाडीला, १७३१ मध्ये, एक ४८ वर्षांचा आणि एक ३२ वर्षांचा, दोघे भोसले समोरासमोर उभे होते. दोघांनाही मुलगा होईल अशी आशा तेव्हा असणार. त्या माळावर तहात मुलूख वाटला, किल्ले वाटले, एकमेकांचे चाकर फोडायचे नाहीत हेसुद्धा ठरवलं. पण वारसाचं कलम घातलं नाही. 'ज्याला मुलगा होईल त्याचा दोन्हीकडे, कोणालाच झाला नाही तर दोघांच्या संमतीने एक मूल दत्तक, आत्ताच' एवढं एक कलम असतं तर १७४९ ला यादी लिहायची वेळच आली नसती. तोवर तो मुलगा अठरा-वीस वर्षांचा असता, दोन्ही दरबारांत वाढलेला. ताराराणी तेव्हा नुकत्याच साताऱ्यात आल्या होत्या, हातात काही नव्हतं. बाजीराव उत्तरेच्या मोहिमांत.

त्या दिवशी हत्तीवरून उतरलेला धाकटा भाऊ, पायावर डोकं, आणि तेवढ्यात कोणीतरी चिटणिसाला हळूच म्हणायला हवं होतं, 'एक ओळ राहिली.'

गणित मास्तर

हे चालेल. १७३१ वर माझ्याकडे मारायला तारीख नाही.

शंकासुर

माझ्याकडे आहे, पण उद्या लिहितो. निजामाने त्या मुलाला किती महिने जगू दिलं असतं, तिथून सुरुवात करेन.

अबोली

माहुलीकर, अवांतर : ताराराणींची समाधी नेमकी कुठे आहे? दोनदा माहुलीला गेले, दोन्ही वेळा शाहू महाराजांची पाहून परत आले.

माहुलीकर

अबोलीताई, खाली उतरा, अगदी पात्राकडे. वाळूत दगडी चौथरा दिसेल. पावसाळ्यात जाऊ नका, पाणी चढतं. आणि जाताना खंड्याला माझा नमस्कार सांगा.